हजेरीत एक नाव कमी

या शनिवारी कुंभारीला घरी बसून डी हेंडरसनची 'द निगोशिएटर' (२०००) एका बैठकीत संपवली. नायिका केट शिकागो पोलिसांत, ओलीस धरलेल्यांच्या सुटकेसाठी बोलणी करणारी. डेव्ह एफबीआयमधला, श्रद्धाळू ख्रिश्चन. बॉम्ब वगैरे आहेच, पण खरा सस्पेन्स केट देव मानणार का, हा! प्रेमाची गाडीपण तिथंच अडलेली. जाम पकडून ठेवतं.

पण पोलीस आणि देव इतक्या सहज एका बाजूला? सोलापूरच्या माणसाला हे पचायला जड जातं बुवा. आमच्याकडे इंग्रजांच्या काळात 'सेटलमेंट' होती. गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मापासूनच चोर ठरवलेली माणसं, भोवती तारेचं कुंपण, रोजची हजेरी. आणि कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे! म्हणजे प्रार्थना घेणारे तेच, हजेरी घेणारेही तेच. कायदा देशभरातून गेला तो थेट १९५२ साली.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) पोलिसांचा मार खाणाऱ्यांची बाजू आहे, पण ते आत्मकथन. मला थ्रिलर हवाय. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती 'यमुनापर्यटन' (१८५७) ख्रिश्चन झालेल्या बाबा पदमनजींचीच, तेव्हा परंपरा आहे की!

सुरुवात साधी. रात्रीची हजेरी, एक नाव कमी. पळालेला पोरगा चर्चमध्येच लपलाय, हे फक्त पाद्रीबाबांना माहीत. आणि दारात फौजदार उभा.