चौघांनी पाहिलेली गाठ

पाठ्यपुस्तकातल्या सीटी स्कॅनवर बाण असतो. खऱ्या स्कॅनवर तो नसतो. छातीच्या एका तपासणीत शेकडो छेद येतात आणि बारीकशी गाठ त्यातल्या मोजक्याच छेदांत दिसते.

म्हणून ‘एलआयडीसी-आयडीआरआय’ हा अमेरिकेतला संग्रह रेडिओलॉजी शिकवणाऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. रुग्णांची ओळख पुसलेले छातीचे १,०१८ सीटी स्कॅन ‘द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह’वरून मोफत उतरवून घेता येतात. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टनी आधी स्वतंत्रपणे वाचला, मग इतरांच्या निनावी खुणा पाहून पुन्हा तपासला. एकमताची सक्ती नव्हती. किमान एकाने तरी ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून नोंदवलेल्या २,६६९ जागांपैकी चौघांचं एकमत झालं ते ९२८ ठिकाणी!

विद्यार्थ्यांना हा आकडा आधी सांगू नये. आधी माउस त्यांच्या हाती द्यावा. पांढरा ठिपका दिसला की छेद वर-खाली सरकवायचे. रक्तवाहिनी असेल तर ठिपका सरकत, फाटे फोडत जातो. गाठ असेल तर जागच्या जागी उमटते आणि विरते. प्रत्येकाने स्वतःची खूण केल्यावरच तज्ज्ञांच्या खुणा उघडाव्यात. तिघांना दिसलेली गाठ चौथ्याने का सोडली, यावर मग वर्ग तावातावाने बोलू लागतो, आणि खरं शिक्षण तिथेच होतं.

या संग्रहात गाठीचं पक्कं निदान मात्र थोड्याच रुग्णांचं आहे. त्यासाठी शिक्षकाने आपल्या रुग्णालयातले, बायोप्सीचा अहवाल हाती असलेले स्कॅन ओळख पुसून, रीतसर परवानगीने जोडावेत.