मानपत्रातली दुरुस्ती

आमच्या गावात कुणाचा सत्कार ठरला की पहिल्यांदा हार आणि नारळ सांगितले जातात, मग शाल, मग फेटा. आणि सगळ्यात शेवटी, बहुधा आदल्या संध्याकाळी, मानपत्राची आठवण होते. ते लिहिण्याचे काम गेली तीस वर्षे माझ्याकडे आहे. मी मराठीचा एम. ए. आणि गावच्या हायस्कुलाचा मास्तर, पुढे मुख्याध्यापक; तेव्हा विशेषणांचा साठा माझ्याकडे असणार, अशी गावाची समजूत. ती खोटी नाही. 'चंदनासारखे झिजणे', 'निरलस सेवा', 'सालस स्वभाव' ही नाणी मी इतक्या जणांच्या ओंजळीत टाकली आहेत की आता ती गुळगुळीत झाली आहेत.

२०२३ च्या मे महिन्यात तरुण मंडळाची चार पोरे घरी आली. "सर, अक्का रिटायर होतायत. मानपत्र तुम्हीच लिहायचं." अक्का म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. मी हो म्हटले, कागद पुढे ओढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच्याने एक ओळ पुढे सरकेना. कारण शब्दांची टंचाई नव्हती. कारण होते एक न लिहिलेले पत्र.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचे आमचे गाव. भाताची शेती, मृगापासून गुडघाभर चिखल, आणि घराघरात मराठी. अक्का १९९५ च्या पावसाळ्यात इथे आल्या त्या पूर्वेकडून, जिथे ज्वारी पिकते आणि कानडीशिवाय दुसरा शब्द कानावर पडत नाही. शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी लिपी त्यांना येत होती, मराठी भाषा मात्र नव्हती. आल्यावर आठवड्याभरात त्या हायस्कुलात आल्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी पहिलीचे मराठी पुस्तक मागितले. प्राथमिक शाळेतून एक फाटकी प्रत आणून मी त्यांना दिली. त्या गेल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही हसलो. हे सांगताना आज बरे वाटत नाही, पण हसलो होतो.

सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आमच्याकडे 'सरकार' हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या घरचा पाहुणा राहिला आहे. सरकारी माणूस दारात आला की आम्ही आधी त्याची भाषा पाहतो, मग त्याचे काम. आमची तक्रार खरी आहे. सातबारापासून दाखल्यापर्यंत न समजणारा कागद हातात धरून उभे राहिलेले म्हातारे मी पाहिले आहेत. पण खरी तक्रारसुद्धा कधी कधी चुकीच्या माणसाच्या अंगावर टाकली जाते.

पहिला पल्स पोलिओ ९ डिसेंबर १९९५ ला झाला. तेव्हा तीन वर्षांखालच्या मुलांनाच डोस होता, पुढे तो पाच वर्षांपर्यंत झाला. आम्हा शिक्षकांना बूथवर बसवले जाई. थंड पेटी, पेटीत बर्फाच्या पट्ट्या, प्रत्येक बाळाला दोन थेंब आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाई. पहिली काही वर्षे बूथपुरते काम होते. नंतर घरोघर जाणे सुरू झाले. दारावर खडूने खूण करायची: घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला तर 'पी', कुणी राहिले तर 'एक्स'. 'एक्स' असलेल्या घरी पुन्हा जायचे. कुपीवरच्या गोलातला चौकोन काळवंडला तर ती कुपी टाकून द्यायची, मग कितीही पायपीट करून आणलेली असो.

अशाच एका फेरीत मी अक्कांबरोबर होतो. वरच्या गल्लीत एका घरी आठ महिन्यांचे मूल होते. बाप दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "आमचा कागद मराठीत देताना सरकारला जड जातंय, आणि थेंब तेवढे घरपोच व्हय? नको आमाला." मी शेजारीच होतो. गावातला शिकलेला माणूस म्हणून मी दोन शब्द बोललो असतो तर त्याने ऐकले असते. मी बोललो नाही. खरे सांगायचे तर ते वाक्य मला आतून आवडले होते. अक्कांनी दारावर 'एक्स' काढला आणि पुढच्या घराकडे वळल्या.

त्या घरी अक्का आणखी तीनदा गेल्या. मी नव्हतो, हे मला नंतर त्या बापानेच सांगितले. शेवटच्या खेपेला अक्का त्याला त्यांच्या त्या पहिलीच्या मराठीत म्हणाल्या, "कागद माझ्या हातात न्हाई. थेंब हाईत." तो बाजूला झाला. दारावरच्या 'एक्स'चा 'पी' झाला.

देशभर अशी किती दारे असतील याचा हिशेब कुणाकडे नाही. पण शेवटचे आकडे सगळ्यांसमोर आहेत. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले, २०१० साली ४२, आणि २०११ साली फक्त एक. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातल्या एका लहान मुलीत तो आढळला. त्यानंतर एकही नाही. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या भागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. माझ्या विद्यार्थिदशेत प्रत्येक वर्गात एखादा तरी कुबडी घेतलेला मुलगा असे. मुख्याध्यापक म्हणून मी ज्या वर्गांवरून फिरतो, तिथे तो नाही. नसलेल्या मुलाचा फोटो कसा काढणार?

आणि पुरस्काराच्या अर्जाला तर फोटो लागतो.

सरकार आपल्या माणसांचा गौरव करत नाही असे नाही. शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून आहे, परिचारिकांसाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९७३ पासून. १९४७ च्या २१ एप्रिलला सरदार पटेलांनी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये प्रशासकीय सेवेच्या पहिल्या तुकडीपुढे भाषण केले. त्याची आठवण म्हणून ती तारीख नागरी सेवा दिन म्हणून पाळतात, आणि उत्कृष्ट प्रशासनासाठीचे पंतप्रधानांचे पुरस्कार त्या दिवशी दिले जातात. राज्यात सर्वोत्तम सेवा पुरस्कार आहे, तो जिल्ह्याच्या पातळीवरही मिळतो. हे सगळे चांगलेच आहे. पण नाव वर जाण्यासाठी कुणीतरी ते कागदावर आणावे लागते, आणि ज्याचा दिवस चिखलात जातो त्याच्याकडे कोरडा कागद क्वचितच असतो.

माझ्याकडे होता. २०१८ पासून राष्ट्रीय पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करायची पद्धत आली. पुढच्या वर्षी मीही करायचे ठरवले. वृक्षारोपणाचे फोटो, निकालाचे तक्ते, विज्ञान प्रदर्शनाची कात्रणे. एक फाईल भरली, दुसरी घेतली. संध्याकाळी हायस्कुलाच्या संगणकावर बसून मी स्वतःची थोरवी टंकत असे.

त्याच दिवसांत आमची आशाताई शाळेत आली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी अक्कांचे नाव जिल्ह्याच्या सेवा पुरस्कारासाठी पाठवायचे ठरवले होते. सोबत पंचायतीचे एक आणि हायस्कुलाचे एक, अशी दोन पत्रे जोडली तर बरे, असे त्यांनी सांगितले होते. "सर, दहा दिवसांत पाहिजे," ती म्हणाली. मी म्हटले, "दहा दिवस कशाला, दोन दिवसांत देतो."

दोन दिवस झाले, सहा झाले. आशाताई दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत येऊन मी कामात आहे असे पाहून परत गेली. अकराव्या दिवशी मला आठवण झाली. मी डॉक्टरांना फोन केला तेव्हा कागद वर गेले होते, आमच्या पत्राशिवाय. त्या वर्षी अक्कांना पुरस्कार मिळाला नाही. माझ्या पत्राने मिळाला असता असे मी म्हणत नाही. मला माझा पुरस्कारही मिळाला नाही, तेही सांगून टाकतो. पण वैर असते, भाषेचा राग असता, तर निदान त्याला नाव देता आले असते. इथे तसले काही नव्हते. मला ते पत्र तातडीचे वाटले नाही, एवढेच. पंचवीस वर्षे जी बाई न चुकता दारात आली, तिचे येणे मी उन्हापावसासारखे गृहीत धरले होते.

अक्का याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या ऑगस्टात, २०१९ च्या पुरात, मार्कंडेयाचे पाणी खालच्या शिवारात पसरले तेव्हा डोक्यावर लसीची पेटी घेऊन त्या कमरेएवढ्या पाण्यातून आल्या. पुढे १६ जानेवारी २०२१ ला कोरोनाची लस सुरू झाली आणि काही आठवड्यांनी आमच्या वयाच्या लोकांची पाळी आली, तेव्हा माझ्या दंडात सुई त्यांनीच टोचली. म्हणाल्या, "सर, हात ढिला सोडा की." ढिला सोडवला नाही मला.

तर असे ते मानपत्र. रात्री उशिरा मी एकदाचे लिहिले. अपराधी माणूस जरा जास्तच सढळ लिहितो. 'आरोग्यदेवता', 'मूर्तिमंत करुणा' असले पुष्कळ झाले. एरवी मानपत्र सत्कारमूर्तीला आधी दाखवत नाहीत. पण सालांची खात्री करायला म्हणून मी उपकेंद्रात गेलो आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून, ओठ हलवत, त्यांनी सगळे वाचले. मग म्हणाल्या, "सर, लई मोठं लिहिलासा. देवता नको. देवतेला पगार नसतो, मला होता."

त्यांनी पेन मागितले आणि तीन दुरुस्त्या सांगितल्या. पहिली, देवता काढा, 'नर्स' ठेवा. दुसरी, पुरात पेटी मी एकटीने नेली नाही, वाट दाखवायला पंचायतीचा पाणी सोडणारा पुढे होता, त्याचे नाव घाला. तिसरी, आशाताईंची नावे घाला, तिघींचीही. "त्यांला सरकारी नोकर म्हणत न्हाईत, मानधनावर हाईत. त्यांचं मानपत्र कोण लिवणार? माझ्यातच घाला."

त्यावेळी मी पत्राचे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मला ठावं होतं. आशानं सांगितलं तवा वाईट वाटलं. आता न्हाई." 'काही हरकत नाही' असे त्या म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मानपत्र कोणत्या भाषेत वाचायचे यावर मंडळात थोडी कुजबुज झाली होती. पाहुणे आरोग्य खात्याचे, म्हणून कानडीत हवे, असे एक म्हणाला. आमच्या गावात आमच्या भाषेत, असे दुसरा. अक्कांनीच तो प्रश्न सोडवला. हायस्कुलाच्या पटांगणावर, शाल-श्रीफळ झाल्यावर, त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला, मराठीत. 'चांगलं'चे 'च्यांगलं' झाले, 'झाले'ला त्या अडखळल्या. कुणी हसले नाही. पाणी सोडणाऱ्याचे आणि तिन्ही आशांची नावे त्यांनी जरा मोठ्याने वाचली. मग चार वाक्ये कानडीत बोलल्या, आणि वरच्या गल्लीतल्या बायकांनाही ती कळली. अठ्ठावीस वर्षांत त्याही काही शिकल्या होत्या.

शाल आणून देणारा पोरगा उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला आहे. धावत स्टेजवर चढला आणि धावत उतरला. वरच्या गल्लीतले, दारावर 'एक्स' पडलेले घर त्याचेच. त्याला यातले काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचे कारणही नाही. जे झालेच नाही ते कुणाला आठवणार? बाप मात्र मागे चिंचेखाली उभा होता. अक्का खाली उतरल्यावर तो पुढे आला, नमस्कार केला आणि काही न बोलता गेला.

माझी ती पुरस्काराची फाईल अजून कपाटात आहे. तिच्या पाठकोऱ्या कागदांवर आता कच्ची पत्रे लिहितो. गेल्या वर्षी आमच्या पोस्टमनचे नाव त्याच्या खात्याकडे कळवावे असे ठरले आणि शाळेचे पत्र मागितले गेले. त्याच संध्याकाळी, शिपायाला थांबवून, मी ते लिहिले. कुठे किती वर्षे, किती वाड्या, पावसात कोणत्या वाटेने, एवढेच. विशेषण एकही घातले नाही. पुढे काय व्हायचे ते होवो; पत्र तारखेच्या आठ दिवस आधी पोचले आहे.