वाघूरच्या वाटेने

व्यापारी माणसाने केवळ हौसेखातर डोंगर चढावा, ही गोष्ट आमच्या पहूर पेठेत अद्यापि हास्यास्पदच गणली जाते. अजिंठ्याची लेणी येथून सात-आठ कोसांवर. तरी आमच्या कापसाच्या आडतीवर बसणाऱ्या मंडळींपैकी निम्म्यांनी ती पाहिलेली नाहीत. तेव्हा गेल्या आश्विनात आम्ही, आमचे वडील बंधू आणि पुण्यास व्यवस्थापनशास्त्र शिकून आलेला पुतण्या असे तिघे पाठीवर पिशव्या घेऊन पायी निघालो, त्या वेळी कोणता नवस फेडावयाचा आहे, अशी दिवाणजींनी पृच्छा केली.

कल्पना पुतण्याची. जहाजमालक लॉरेन्स होल्ट आणि शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधील ॲबरडोव्ही येथे तरुण खलाशांकरिता साहसाची शाळा काढली. पुढे मोठमोठ्या कंपन्याही आपल्या माणसांस असेच रानोमाळ हिंडवू लागल्या, हे त्याने आम्हांस समजावून दिले. आम्ही रुकार दिला तो मात्र निराळ्या कारणाने. आडतीस जोडून जिनिंगचा कारखाना काढावा, बँकेचे कर्ज घ्यावे आणि एकदम तीन शेड बांधाव्या, असा आमचा आग्रह होता. दादांचा त्यास सक्त विरोध. आजोबांनी पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीच्या भरवशावर वखार बांधली. माल ट्रकांकडे गेला, २०२० साली गाडीही बंद पडली, आणि वखारीत आता वटवाघळे राहतात, हा त्यांचा एकच दाखला. पंधरा दिवस आम्हां भावांत कामापुरतेच बोलणे चालले होते. घरातील स्त्रियांनी तर ताटेही दोन निरनिराळ्या वेळी वाढावयास आरंभ केला होता.

वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेते आणि पहूरवरून पुढे तापीस मिळावयास जाते. तेव्हा सडक सोडून नदीच्या पात्रातूनच वर जावे, असे आम्ही ठरविले. वाटेत एका गुराख्याने डोंगरावर पाऊस आहे, पात्रात राहू नका, असे बजावले. आम्ही हसून उत्तर दिले, “दोन कोस आलो, आता मागे कोण फिरतो?” हे वाक्य तोंडातून निघताच ते ओळखीचे वाटले. भाव उतरत असता कापूस अडवून ठेवताना हेच आम्ही एकदा म्हणालो होतो. त्याची किंमत आमच्या वह्यांत लिहिलेली आहे. तथापि पाय पुढेच चालले.

अर्ध्या तासाने दादा थांबले. पाण्यात हात घालून त्यांनी पाहिले. पाणी गढूळ झाले होते, आणि त्यावर काड्या-पाने वाहत येत होती. “वर निघा,” एवढेच ते म्हणाले. आम्ही वाद घालणार होतो. पण पुतण्या आधीच दरड चढू लागला होता. आम्ही काठावर पोहोचतो न पोहोचतो तोच पूर आला. खडकावर टेकविलेली आमची पिशवी, तीत शिधा होता, डोळ्यांदेखत गेली. दादांनी तिच्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले नाही. त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो.

वाकोदजवळ चहाच्या एका टपरीवर आम्ही भिजलेले व भुकेलेले बसलो. पैशाचे पाकीट त्या पिशवीतच होते. टपरीवाल्याने भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, पैसे पुढे केव्हाही द्या म्हणाला. त्याचा बाप आमच्या आडतीवर कापूस घालीत असे आणि दादा त्याचा चुकारा त्याच दिवशी करीत, हे त्याला आठवत होते. बँकेपुढे मांडावयाच्या आमच्या अंदाजपत्रकात ह्या रकमेला रकानाच नव्हता.

रात्र फर्दापुरास काढून दुसऱ्या दिवशी लेण्यांत गेलो. चित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही अधिक वेळ घालविला तो चोविसाव्या लेण्यात. ह्या कातळात काम वरून खाली चाले. प्रथम छत, मग खांब, शेवटी जमीन. त्यामुळे वर केलेली चूक खाली येऊन दुरुस्त होत नसे. चोविसावे लेणे हे येथील मोठ्या विहारांपैकी एक व्हावयाचे होते. आत कारागिरांनी खोदलेले लांबलांब चर आणि मध्ये सोडलेल्या कातळाच्या भिंती तशाच उभ्या आहेत. वाकाटक सम्राट हरिषेण पाचव्या शतकाच्या अखेरीस वारला, आणि त्यानंतर आश्रय तुटून कामे थांबली, असे अभ्यासक मानतात.

दादा एका अर्धवट खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “तुझा तो कागद आणला आहेस ना?”

कागद खिशात होता, ओला. लेण्याबाहेर उन्हात त्यांनी तो पसरला आणि पेन्सिल मागितली. आम्हांस वाटले, आता सगळेच खोडतील. त्यांनी दोन शेड खोडल्या, तिसरी ठेवली. नंतर व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, “पावसाळ्यात कोणाचा कापूस पिंजणार आहेस?” आम्ही बाराही महिने जिन चालू धरले होते. पुतण्याने तेच गणित पुण्याच्या पद्धतीने तपासून बरोबर ठरविले होते. तो आकाशाकडे पाहू लागला.

परतताना सडकेनेच आलो, आणि टपरीवाल्याचे पैसे पुतण्याजवळच्या नोटांतून चुकते केले. त्या रात्री घरी ताटे एकाच वेळी वाढली गेली. वाहून गेलेल्या शिध्याची रक्कम मात्र दादांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच आमच्या खाती नावे टाकली.