शिंपल्यांची खिडकी

पणजीच्या फोंतेन्हासला लोक घरांचे रंग बघायला येतात. माझे डोळे तिथे खिडक्या शोधतात. आल्तिनोची टेकडी आणि उरेमची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ही जुनी वस्ती आहे. साथींनी ओस पडलेल्या जुन्या गोव्यातून कारभार इकडे आला, 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, त्याच काळात ही वस्ती वाढली. काच तेव्हा महाग, म्हणून तावदानांत शिंपले.

आत्या इथे भाड्याने राहायची, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांत त्या तावदानांआड मी कितीतरी दुपारी लोळून काढल्या. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आत सायीसारखा उजेड. गल्लीतून कुणी गेलं की नुसती सावली सरकायची.

चतुर्थीआधी आत्या तावदानं पुसायची. हा शिंपला चपटा, वाटोळा आणि इतका पातळ, की मागे धरलेल्या बोटाची सावली त्यात उमटते. कडा छाटून त्याचे चौकोन करतात आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवतात. त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून ती फडका वरून खाली, एकाच दिशेने फिरवायची. मला कधी हात लावू दिला नाही.

आत्या गेली. पुढे त्या घराची डागडुजी झाली. दर्शनी भिंतीला जुनाच पिवळा रंग दिला, आणि खिडक्यांना सरकत्या काचा बसवल्या. आता आत जाडजूड पडदे लागतात आणि भरदिवसा दिवा. वारसा म्हणून आपण नेमकं काय जपतो, या विचाराने मी तिथे खूप वेळ उभी होते. रस्त्यावरून दिसतं तेवढंच? घरात राहणाऱ्याच्या वाट्याला येणारा उजेड त्यात धरायचाच नाही?

झुवारीच्या मुखाजवळ, चिखलीच्या बाजूला, हे शिंपले अजून जिवंत आहेत. ओहोटीला चिखलात रुतलेले मी पाहिलेत. कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. नव्या खिडक्यांसाठी ती जागा खरवडून काढणं मला मान्य नाही. म्हणून तर पाडलेल्या घराची एकेक झडप भंगारात जाते तेव्हा जीव तुटतो.

अशीच एक झडप मी सुताराकडून मागून घेतली. पुष्कळ चौकोन फुटलेले. त्याने शाबूत होते तेवढे वरच्या ओळींत सरकवले आणि खाली फळी ठोकू का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. माझ्या ठाण्याच्या घरात, पश्चिमेच्या खोलीत, ती आता बसवली आहे. पुसते मीच, वरून खाली.