आधी पोहोचलेले दान

गेल्या माघ महिन्यात शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाचा योग आला. सोबत सौभाग्यवती आणि माझ्या थोरल्या ताई होत्या. ताईंचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. सामायिक चुकू न देता प्रवास करावयाचा, म्हणून मुक्काम जवळजवळचे ठेवले होते. जालन्याहून मेहकरमार्गे मालेगाव व तेथून शिरपूर हा जुना रस्ता मी मुद्दाम निवडला. या रस्त्याचा बराचसा भाग बुलढाणा जिल्ह्यातून जातो आणि त्या जिल्ह्याशी माझा जुना हिशेब अपुरा राहिलेला होता.

पहिला थांबा सिंदखेडराजाचा. १२ जानेवारीची जिजाऊ जयंतीची गर्दी ओसरली होती. लखुजीराव जाधवांचा राजवाडा व त्यांची समाधी पाहून आम्ही मोती तलावाकडे गेलो. जाधवांच्या काळातील हा तलाव गावाच्या पाण्यासाठी बांधलेला. त्याच गावात चांदणी तलाव आहे, पुतळा बारव आहे. समाधी किंवा वाडा पाहताना मन इतिहासात रमते. तलावाच्या दगडी बांधावर उभे राहिले की मात्र वेगळाच विचार येतो. सत्ताधीशाने येथे दुष्काळ पडल्यावर धान्य वाटले असेल किंवा नसेल. पण दुष्काळ पडण्यापूर्वी त्याने पाणी अडविले, याची साक्ष समोर उभी होती.

बुलढाणा जिल्ह्याचे तेथील लोक दोन भाग मानतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याकडील घाटाखालचा मुलूख. त्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारट. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा घाटावरचा प्रदेश. पैनगंगा येथेच उगम पावते, परंतु उगमाजवळची नदी ती. पावसाळ्यात वाहते आणि पुढे लवकरच आटते. सोयाबीन, कापूस, तूर ही पावसावरची पिके. हरभऱ्याला एखादे पाणी देता आले तर वर्ष सुधारते, न देता आले तर बिघडते. हा फरक ‘एका पाण्याचा’ आहे. मी शाखाधिकारी म्हणून चिखली तालुक्यातील एका शाखेत काम करीत होतो, तेव्हा मला तो कळला नाही.

ते वर्ष २००५. एक मध्यमवयीन शेतकरी पीककर्जाच्या थकबाकीसंबंधी माझ्यासमोर बसला होता. कर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर करून नवीन कर्ज द्यावे, एवढीच त्याची विनंती. नियमाप्रमाणे असे रूपांतर करण्यासाठी गावाची पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी जाहीर झालेली असावी लागे. त्याच्या गावाची पैसेवारी थोडी वर होती. मी नियम समजावून सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला, ‘बरं साहेब’ म्हणून नमस्कार केला आणि निघून गेला. पेरणीसाठी त्याने अन्यत्र जबर व्याजाने पैसे उचलले असे नंतर समजले. भाद्रपदात त्याने जीवन संपविले.

माझा निर्णय नियमानुसार होता. तपासणीत कोणीही त्यावर आक्षेप घेतला नाही. तरी एक प्रश्न मला निवृत्तीनंतरही सोडीत नाही : तो माझ्यासमोर दहा मिनिटे बसला होता, आणि मी त्याला ‘विहिरीला पाणी किती आहे?’ एवढे एकदाही विचारले नाही.

पुढच्याच वर्षी, १ जुलै २००६ रोजी, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी पश्चिम विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ, वर्धा आणि बुलढाणा असे ते सहा जिल्हे. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली. त्या दोन्हींची कागदपत्रे मी माझ्या हातांनी भरली आहेत. अनेकांची खाती कोरी झाली याचे समाधान आहे. परंतु खाते कोरे झाले म्हणून विहीर भरत नाही. दोन पावसाळे चुकले की तेच नाव पुन्हा थकबाकीच्या यादीत येते, हेही मी पाहिले.

शिरपूरचे दर्शन आटोपून परतताना मेहकरहून चिखलीची वाट धरली ती याच कारणासाठी. त्या शेतकऱ्याच्या गावी मी कधी गेलो नव्हतो. गावाचे नाव येथे लिहीत नाही. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात व नंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रात असे पाझर तलाव मोठ्या संख्येने झाले, त्यांपैकीच हा. दर पावसाळ्यात उतारावरची माती वाहून येते, तळाशी बसते, आणि काही वर्षांत तलाव नकाशावर उरतो, प्रत्यक्षात उथळ ताटली होते. या तलावाचेही तेच झाले होते.

२०१८ च्या मार्चमध्ये भारतीय जैन संघटनेने राज्य शासनाबरोबर ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ हे काम आरंभिले. वाचकांना संघटनेची ओळख करून देण्याची गरज नाही. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये तिची स्थापना केली. लग्नातील हुंडा व उधळपट्टी थांबावी म्हणून सामूहिक विवाहांची चळवळ हे त्यांचे आरंभीचे कार्य. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर संघटनेने १,२०० मुलांना पुण्यास आणले व त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीच्या त्या शैक्षणिक प्रकल्पात पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आली, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलेही आली.

बुलढाण्यात संघटनेने १३४ जेसीबी व पोकलेन यंत्रे उतरविली. यंत्रे संघटनेची, इंधनाचा खर्च शासनाचा, आणि निघालेला गाळ स्वखर्चाने आपल्या शेतात वाहून नेण्याची जबाबदारी शेतकऱ्याची, अशी ती वाटणी. मला या वाटणीचे कौतुक वाटते. कर्ज देताना बँक कर्जदाराचा स्वतःचा वाटा मागते, कारण ज्यात आपले काही गुंतले आहे ते मनुष्य जपतो. येथे शेतकरी हात पसरून उभा नव्हता. ट्रॅक्टर घेऊन उभा होता. हलक्या, मुरमाड जमिनीवर हा गाळ पडला की तिची ओल धरून ठेवण्याची शक्ती वाढते. एक ब्रास गाळ म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. तो निघाला की तलावात सुमारे २,८०० लिटर पाण्याला जागा होते. दानाचा इतका स्वच्छ हिशेब माझ्या सेवाकाळात मी फारसा पाहिला नाही.

तलावाच्या बांधावर एक शेतकरी भेटले. माघात पाणी निम्म्याहून अधिक होते. ते म्हणाले, “पहिले दिवाळीपर्यंत बी विहिरीचं पाणी पुरत नव्हतं, साहेब. आता संक्रांत सरली तरी मोटर चालते.” खाली हरभरा घाट्यांवर आला होता.

ताई बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. त्यांनी विचारले, “अरे, एवढा गाळ उपसायचा म्हणजे त्यातले जीव?” प्रश्न आपल्या घरातला आहे, तो टाळता येत नाही. मी सांगितले की उपसा चैत्र-वैशाखात, कोरड्या पडलेल्या भागात होतो. तरीही गृहस्थाच्या कोणत्याही आरंभात हिंसा शून्य नसते. आपल्या आचार्यांनी म्हणूनच त्याला विवेक सांगितला. ताई काही बोलल्या नाहीत. काठावर बगळे उभे होते, पलीकडे एक गुराखी गाईंना पाण्यावर घेऊन आला होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “हे सगळे पूर्वी उन्हाळ्यात कुठे जात असतील?”

मी त्या शेतकऱ्यांना जुन्या घराविषयी विचारले. त्यांना आठवत होते. “त्यांची बाई लेकीकडं असते आता. वावर ठोक्यानं देलं.” कोणाचे वावर, हे त्यांनी बोटाने दाखविले. तलावाच्या अगदी खालचे. त्या वावरातील विहिरीलाही पाणी होते. तलाव मोकळा झाला २०१८ मध्ये. त्या घराला तेरा वर्षे उशीर झाला होता.

पुस्तकी अर्थशास्त्र सांगते की एका तलावाने सर्व प्रश्न सुटत नाहीत, आणि ते खरे आहे. सोयाबीनचा भाव पडतो, आजारपण येते, लग्नाचा खर्च डोईजड होतो. परंतु मनुष्य कोसळतो तो बहुधा शेवटच्या एका धक्क्याने, आणि त्यापूर्वीचा कोणताही एक धक्का टळला तरी तो उभा राहू शकतो. आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. वाघोलीतील मुलांना समाजाने आहार दिला, ज्ञान दिले. ते थोर कार्य आहे. पण त्या मुलांच्या वडिलांना जे हवे होते ते चौथे दान होते. पेरणीनंतर आकाशाकडे पाहताना छातीत जी धडधड होते, ती कमी करणारे. विहिरीतील पाणी हे अभयदान आहे, असे मी आता मानतो.

निघताना बांधाच्या कडेला एक गोष्ट लक्षात आली. जेथून ओढा तलावात शिरतो, तेथे नव्या गाळाचा पट्टा पुन्हा धरू लागला आहे. बँकेच्या ताळेबंदात यंत्रसामग्रीसमोर दरवर्षी घसारा लिहितात. तलावाला घसारा असतो, तो लिहिणारे कोणी नसते. यंत्रे आली तेव्हा सत्कार झाले असतील, छायाचित्रे निघाली असतील. दहा वर्षांनी तोच गाळ पुन्हा काढावयाचा आहे, आणि त्या वेळी समारंभ होणार नाही. आपल्या संघांत चातुर्मासाच्या बोल्या लागतात, त्या लागाव्यात. त्यांतील थोडा अंश एखाद्या गावच्या तलावाच्या देखभालीसाठी दरवर्षी बाजूला ठेवता येईल का, एवढे वाचकांनी आपल्या संघात विचारावे. मी आमच्या संघात विचारले आहे. पहिल्या वर्षाचे पैसे जमा झाले, ते कोणत्या गावासाठी द्यावयाचे हे मला कोणी विचारण्याची गरज पडली नाही.

चिखली सोडताना ताईंनी जपमाळ हातात घेतली होती. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, त्या बाईंना भेटून आलो असतो.” मी मान हलविली. भेटून काय सांगावयाचे, ते मला अद्याप ठरविता आलेले नाही. पुढील खेपेस जाणार आहे.