शिलाहारांचे अंबरनाथ

कोकणातील प्राचीन स्थळे पाहावयाची म्हणजे वसई-अलिबागच्या जलदुर्गांकडे धाव घ्यावयाची, हा आपला रिवाज असला, तरी आज एमआयडीसीतील पाळी सुटल्यावर अंबरनाथच्या वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिरी गेलो आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांची, ठाणे-सोपाऱ्याची बंदरे राखणाऱ्या त्या राजकुळाची, खरी दौलत येथेच आहे, असे मनोमन वाटले. या कुळातील छित्तराजाने आरंभिलेले, मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीत सिद्धीस गेलेले हे भूमिज शैलीचे देवालय. शिलालेखातील शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे आणि वर पाहावे, तो छताच्या जागी आकाश! बाहेर वालधुनीचे मलिन पाणी मात्र पाहवत नाही. तरीही, किल्ल्यांच्या तटबंदीपेक्षा या भिंतींवरील झिजलेल्या मूर्तींपाशीच मी अधिक रमतो.