पेटीचा ताप

उष्णता नाहींशी करतां येत नाहीं. तिला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं धाडतां येतें, हें तत्त्व आपण सर्वांनीं शाळेंत घोकलेलें असतें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यास मात्र पुढें आणखी एक प्रश्न पडतो : ही धाडलेली उष्णता कोणाच्या वांट्यास गेली? आमच्या नागपूरच्या घरीं हा प्रश्न एका संगणकानें उपस्थित केला.

आमचा पुतण्या जाहिरातींसाठीं हलतीं चित्रें तयार करतो, व हें काम तो घरीं बसूनच करतो. त्याच्या संगणकाच्या पेटींत आरटीएक्स ३०७० या जातीचें ग्राफिक्स कार्ड आहे. चित्रांतील प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचा व छायेचा हिशेब तें करतें, आणि भर कामांत सुमारें २२० वॅट वीज खातें. १९९६ सालच्या वूडू कार्डांवर पंखासुद्धां नसे. पुढें जसजसें गणित वाढलें तसतशी उष्णताहि वाढली, आणि २००३ सालच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा तर इतका कर्कश होता कीं, तें कार्ड काढणाऱ्यांनींच त्याची थट्टा करणारी चित्रफीत तयार केली.

२०२४ च्या मे महिन्यांत आमच्या या कार्डाचा पारा ८४ अंशांवर जाऊं लागला. इतकें तापल्यावर तें स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग उतरवितें. त्यामुळें रात्रीं लावलेलें काम सकाळीं अपुरेंच दिसे, आणि काम देण्याची मुदत तर जवळ येत चाललेली. नवें कार्ड आणावें तर घरखर्चाच्या वहींत मोठाच खड्डा पडणार. पुतण्या म्हणाला, "काका, कार्ड उत्तम आहे, त्याला नीट श्वास घेतां येत नाहीं, एवढेंच. मला एक रविवार द्या."

त्या रविवारीं आम्ही बॅटरी धरून शेजारीं बसलों. बारीक स्क्रू निघाले, हीटसिंक अलग झाला, आणि आंत पाहतों तों थर्मल पेस्टचे वाळून पोपडे झालेले! चिप आणि तिच्यावर बसणारा धातूचा तळ दिसावयास आरशासारखे. परंतु दोहोंमध्यें सूक्ष्म फटी राहतात व त्यांत हवा शिरते. उष्णता वाहून नेण्याच्या कामीं हवा तांब्याहून दहा हजार पटींपेक्षांहि अधिक मंद. त्या फटी बुजविणें, एवढेंच त्या लेपाचें काम. पुतण्यानें जुना लेप स्पिरिटानें पुसून नवा लावला. मेमरीवरील मऊ पट्ट्याहि बदलल्या, पण मूळच्याच जाडीच्या. कारण त्या अधिक जाड झाल्यास हीटसिंक चिपेवर टेकत नाहीं. शेवटीं मूळचे लहान पंखे काढून त्या जागीं १२० मिलिमीटरचे दोन मोठे पंखे बांधले. मोठा पंखा सावकाश फिरूनहि तितकीच हवा ढकलतो व आवाज कमी करतो. सायंकाळीं पारा ७० अंशांवर स्थिर झाला, आणि घरांत आनंदीआनंद झाला.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं मातोश्री माजघरांतून उठून आल्या. पुतण्याच्या खोलीचें दार माजघरांतच उघडतें, व तेथेंच त्या दुपारीं अंमळ पडतात. त्या म्हणाल्या, "अरे बाळ, तुझ्या पेटीचा ताप उतरला खरा, पण तो माझ्या माजघराला चढला कीं रे!"

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. कार्डानें खाल्लेली वीज अखेर जवळजवळ सगळी उष्णताच होते. पूर्वीं तें तापून मंदावे, म्हणून वीजहि कमी घेई. आतां पूर्ण वेगानें चालूं लागल्यावर उष्णता उलट वाढली. स्वस्थ बसलेला माणूस सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. या हिशेबानें मातोश्रींच्या शेजारीं दोन अदृश्य पाहुणे ऐन वैशाखांत मुक्कामास आले होते, आणि जाण्याचें नांव घेत नव्हते!

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्या रात्रीं त्यानें कार्डाची वीज २२० वरून १६० वॅटांवर आणून बांधली. वीज चतुर्थांशाहून अधिक उतरली, पण शंभर मिनिटांचें काम अवघ्या सात-आठ मिनिटांनींच लांबलें. कारण वेगाच्या शेवटच्या टप्प्यासाठींच हीं यंत्रें विजेची सर्वाधिक उधळपट्टी करतात. नंतर त्यानें पेटी अंगणाकडील खिडकीशीं नेली, आणि अवजड काम मध्यरात्रीनंतर लावण्याचा नेम केला. काम मुदतींत पोंचलें, व मातोश्रींची दुपारची झोंप त्यांना परत मिळाली.

घरांतील एकाचें सुख वाढवितांना त्याची आंच दुसऱ्यास लागते, हें कर्त्या माणसांना ठाऊक असतें. पण ती आंच सोसणारें माणूस बहुधा बोलत नाहीं. मातोश्री बोलल्या, हें आम्ही आपलें भाग्य समजतों. आतां चहाच्या वेळीं त्या विचारतात, "आज किती ताप आहे रे पेटीला?" आणि पुतण्याहि आजाऱ्याचा तक्ता वाचावा तसा गंभीरपणें आंकडा सांगतो.